गिऱ्हाईक कोण आणतं?

रायगडावर होळीचा माळ ओलांडून जगदीश्वराच्या देवळाकडे निघालं की दोन्ही बाजूंना उंच जोत्यांच्या रांगा लागतात. एकेका रांगेत बावीस गाळे आणि मधून चाळीसएक फूट रुंदीचा सरळसोट रस्ता. ही रायगडाची बाजारपेठ. सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना इथं हमखास सांगितलं जातं की स्वारांना घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून जोती एवढी उंच बांधली. गोष्ट ऐकायला बरी आहे. पण महाड तालुक्यात जोतं उंच घ्यायला घोडा कशाला हवा? चार महिने धो धो कोसळणारा पाऊस पुरेसा आहे. काही अभ्यासकांना तर ही दुकानंच वाटत नाहीत. ही सरदार-अधिकाऱ्यांची घरं किंवा कचेऱ्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पुढं पडवी, मागं खोल्या अशी गाळ्यांची रचना पाहिली की दोन्ही मतांना जागा उरते. मला स्वतःला पुढं व्यवहार आणि मागं बिऱ्हाड हा आपल्याकडचा जुनाच रिवाज इथं दिसतो.

वाद कसाही सुटो, एक गोष्ट नजरेत भरते. ही पेठ आपोआप वाढलेली नाही. गावातला बाजार वाढतो तो वेडावाकडा. एकाची पडवी पुढं येते, दुसऱ्याचा ओटा मागं राहतो, कुठं देऊळ आडवं येतं. इथं सगळे गाळे एका मापाचे, एका ओळीत आणि एकाच मालकाच्या हुकमानं बांधलेले. आज मुंबईत किंवा बँकॉकमध्ये मॉल बांधणारा बिल्डर हेच करतो. एक जागा, एक मालक, एक नकाशा, आणि गाळ्यांत वेगवेगळे दुकानदार. मग मॉलवाल्याला रात्री झोप येऊ देत नाही तो प्रश्न रायगडच्या पेठेलाही विचारायला हवा. इथवर गिऱ्हाईक आणणार कोण?

गडावर सहज फिरत फिरत कुणी येत नाही. महाडपासून पायथ्याचं पाचाड पंचवीसेक किलोमीटरवर, आणि तिथून पुढं उभी चढण. तांदळाचा दाणा, मिठाचा खडा, तेलाचा थेंब, सगळं डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून वर न्यायचं. संध्याकाळी दरवाजे बंद. हिरकणीची दंतकथा आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, पण तिच्यात बाजाराची वेळही आहे. दूध घालायला वर आलेली बाई दरवाजा बंद व्हायच्या आत खाली उतरू शकली नाही, तिथूनच गोष्ट सुरू होते.

गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. त्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन गडावर मुक्कामाला होता, व्यापाराच्या सवलती पदरात पाडून घेण्यासाठी. त्याच्या वकिलातीची हकीकत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरानं आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे, आणि तिच्यात एक खाटीक येतो. इंग्रजांना बकऱ्याचं मटण पुरवणारा हा म्हातारा माणूस. हे पाहुणे आहेत तरी कोण ते बघायला मला वर न्या, अशी त्यानं विनवणी केली. एरवी कैक वर्षांत खपलं नसेल एवढं मटण या मंडळींनी महिनाभरात घेतलं होतं. इतिहासात अशा खाटकाची नोंद सहसा राहत नाही. पण रायगडच्या पेठेचं सगळं अर्थशास्त्र त्याच्यात आहे. धंदा वाढला तो त्याच्या कसबानं किंवा मालाच्या दर्जानं वाढला नाही. वर दरबार होता, दरबारात वकील आले होते, आणि वकिलांना रोज मटण लागत होतं.

राज्याभिषेकाच्या आदल्याच वर्षी, १६७३ मध्ये, तिकडे जपानात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्यानं ‘एचिगोया’ हे कापडाचं दुकान काढलं. तोवर तिथले बडे कापडवाले माल घेऊन सरदारांच्या वाड्यावर जायचे. गिऱ्हाईक बघून भाव सांगायचा, माल उधार द्यायचा, आणि वर्षातून एक-दोनदा हिशेब. मित्सुईनं हे सगळं उलटवलं. गिऱ्हाइकानं दुकानात यायचं, रोख द्यायचे, भाव सगळ्यांना एक. आख्खा तागा घ्यायची सक्ती नाही, हवं तेवढं कापून मिळेल. उधारीचा धोका गेला की भाव उतरवता येतो, आणि भाव उतरला की जो कधी कापडवाल्याची पायरी चढला नसता तोही आत येतो. १९०४ मध्ये याच घराण्याच्या दुकानाचं ‘मित्सुकोशी’ झालं आणि जपानचं पहिलं आधुनिक डिपार्टमेंट स्टोअर म्हणून ते गाजलं. पॅरिसच्या ‘बों मार्शे’त बुसिको यानं ठरलेला भाव आणि माल परत घ्यायची हमी ही पद्धत रुळवली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे एचिगोयानंतर पावणेदोनशे वर्षांनी. युरोपनं दुकानदारी शोधली आणि आशियानं उचलली, असं ज्यांना वाटतं त्यांनी १६७३ हे साल लक्षात ठेवावं.

पण मित्सुईचं गिऱ्हाईक तरी एदोत आलं कुठून? तेही दरबारानंच आणलेलं. शोगुनचा हुकूम होता की प्रत्येक सरदारानं वर्षाआड एदोत येऊन राहायचं आणि बायकापोरं कायम तिथंच ठेवायची. हजारो घरं, त्यांचे नोकरचाकर, सगळ्यांना कापड लागणार. एदोची राजधानी पुढं तोक्यो होऊन टिकली, म्हणून दुकानही टिकलं. रायगडाला ते भाग्य लाभलं नाही. १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, पुढं गादी साताऱ्याला आली. पेशवाईत गडावर शिबंदी होती, पण शिबंदीच्या पोटावर चव्वेचाळीस गाळे चालत नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी गडावर आगी लावल्या, तेव्हा राजधानीची पेठ म्हणून तिचे दिवस कधीच सरले होते.

गिऱ्हाईक खेचून आणणाऱ्याला मॉलच्या धंद्यात ‘अँकर’ म्हणतात. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ ‘साउथडेल’ हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा आराखडा केला होता व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुकारानं. त्यानं दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स एका छताखाली घेतली आणि छोटी दुकानं त्यांच्या आधारानं वसवली. लोक येणार मोठ्या दुकानाच्या नावानं, आणि जाता जाता छोट्यात चप्पल, चॉकलेट, रुमाल घेणार. म्हणून मोठ्या दुकानाला भाडं कमी आणि छोट्याला चौरस फुटामागं जास्त. गर्दी खेचून आणण्याची ती किंमत असते. अँकर निघून गेला की छोटे गाळे महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं शटर ओढू लागतात. अमेरिकेत असे मेलेले मॉल शेकड्यांनी आहेत. रायगडाचा अँकर दरबार होता, एवढाच काय तो फरक.

आता गड उतरून महाडात या. इथल्या बाजाराला कुणी नकाशा काढून दिलेला नाही, तरी तो रायगडच्या पेठेच्या आधीपासून आहे आणि तिच्यानंतरही राहिला. गावाबाहेर गांधारपाल्याची आणि नदीपलीकडे कोलची बौद्ध लेणी आहेत. लेणी कोरली जात ती व्यापारी वाटेच्या कडेला, म्हणजे ही वाट दीड-दोन हजार वर्षं वाहती आहे. कारण समजून घ्यायला सावित्री नदी बघावी लागते. ती महाबळेश्वराला उगम पावते, पोलादपूरवरून खाली महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. खाडीतल्या भरतीचं पाणी आत थेट महाडच्या आसपास पोचतं. बाणकोटहून निघालेला मचवा भरतीवर दासगावपर्यंत यायचा, लहान होडी असेल तर ती महाडपर्यंत. त्यापुढं पाणी नाही. आणि नेमका तिथूनच सह्याद्री सुरू होतो. वरंधा घाटानं भोर, पार घाटानं जावळी आणि वाई, पोलादपूरकडून ढवळ्याच्या वाटेनं महाबळेश्वर.

म्हणजे महाड ही होडी संपून बैल सुरू होण्याची जागा. अशा ठिकाणी माल उतरवावाच लागतो. उतरवला की वखार लागते. वखार आली की हिशेबनीस येतो, आणि पाठोपाठ सावकार. भरतीची किंवा तांड्याची वाट बघणाऱ्या माणसाला खाणावळ लागते, बैलाला पेंड लागते, मोडलेल्या खोगिराला कारागीर लागतो. घाटावरून गूळ, मिरची, कांदे-बटाटे उतरायचे, आणि खालून मीठ, सुकी मासळी, नारळ चढायचे. दोघांची गाठ महाडात पडायची, आणि जिथं गाठ पडते तिथं भाव ठरतो. कुठल्याही राजानं हुकूम न काढता गिऱ्हाईक इथं येत होतं, कारण त्याला दुसरीकडून जायला वाटच नव्हती. जगातली बहुतेक जुनी बाजारपेठेची शहरं अशाच वाहन बदलण्याच्या जागी वसलेली दिसतील.

ज्या पाण्यानं बाजार वसवला त्याच पाण्यानं तो बुडवायचंही काम केलं. वरून सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांचं पाणी येतं. खालून भरती असली की त्याला जायला जागा नसते. २००५ च्या जुलैतला पूर महाडकर विसरले नव्हते तोवर २२ जुलै २०२१ उजाडला. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं.

महाडच्या जुन्या पेठेत एखाद्या किराणा दुकानात उभं राहून नुसतं मांडणीकडे बघावं. मॉलमध्ये डोळ्यासमोरचं फडताळ सगळ्यात महाग. कंपन्या त्या उंचीसाठी पैसे मोजतात. महाडात उंचीचा हिशेब निराळा. जमिनीलगत प्लास्टिकच्या बादल्या, दोर, घमेली, म्हणजे भिजलं तरी धुऊन विकता येईल असा माल. साखर, पीठ, वह्या, काडेपेट्या वर. पावसाळा लागला की जिन्यावरून पोती पोटमाळ्यावर जातात. माळ्याला पुढच्या बाजूनं एक मोठा दरवाजा असतो, कप्पी लावायला आणि वेळ आलीच तर माणसांना बाहेर काढायला. “साहेब, माल वर न्यायला चार तास लागतात,” एक दुकानदार सांगत होते, “आणि पाणी दोन तासांत येतं.” मग ते भरतीचं वेळापत्रक दाखवू लागले. गल्ल्याच्या मागं भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेलं. माझ्या माहितीत किराण्याच्या दुकानाला भरतीचं वेळापत्रक लागतं असं दुसरं गाव नाही.

बाजाराचा आणखी एक प्रश्न महाडात विचारला गेला, आणि तो गिऱ्हाईक आणण्याइतकाच मोठा आहे. आलेल्याला आत घेणार का? डिपार्टमेंट स्टोअरचा खरा शोध काचेचं कपाट किंवा सरकता जिना हा नव्हता. काही न घेता आत शिरावं, हात लावून बघावं, भाव वाचावा आणि निघून जावं, ही मुभा हा त्याचा शोध होता. दाराशी कुणी जात विचारत नाही, ओळख विचारत नाही. निदान तसं ठरलं तरी होतं. आपल्या बाजारपेठेत ते ठरलेलं नव्हतं.

१९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला माणसं जमली तेव्हा त्यांच्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावाच्या मधोमध तळं भरलेलं, आणि पाणी विकत! २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतून मोर्चानं बाजारपेठेतून तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. नंतर ही मंडळी वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचं नाकारलं आणि शिधा बाहेरून आणावा लागला. बाबासाहेब त्या वेळी मुंबईहून बोटीनं दासगावला उतरले, तिथून पायी महाडला आले. म्हणजे मिठाच्या आणि नारळाच्या जुन्या जलमार्गानंच. तळ्याचा खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. व्यापारी नफा सोडून गिऱ्हाईक परत पाठवतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा भेटत नाही. महाडच्या इतिहासात भेटतं.

याच्याशी ताडून बघण्यासारखी गोष्ट मुंबईत १९९९ मध्ये घडली. हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक उघडला. गर्दी लोटली तेव्हा व्यवस्थापनानं दारावर नियम लावला: मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशमूल्य भरा. ओरड झाल्यावर नियम मागं घेतला गेला. जातीच्या बंदीची आणि या नियमाची बरोबरी करणं चुकीचं ठरेल. पण बाजार सगळ्यांचा असतो हे गृहीत धरू नये, हे दोन्हीकडून कळतं. पुढं काही वर्षांत क्रॉसरोड्स हे नावही पुसलं गेलं.

मुंबईतल्या मॉलचा महाड-पोलादपूरशी आणखी जवळचा धागा आहे, तो गिरणीचा. या दोन तालुक्यांतली शेती डोंगराच्या उतारावरची, भाताची आणि नाचणीची, वर्षभर पुरत नाही. घरटी एक तरी माणूस मुंबईला. लालबाग, परळ, नायगाव, डिलाइल रोड. त्याची मनिऑर्डर आली की इकडच्या दुकानातलं खातं फिटायचं. दुकानदार सहा-सहा महिने उधार द्यायचा ते दयेपोटी नव्हे. कुणाचा मुलगा कुठल्या खात्यात आहे, बोनस कधी होतो, गणपतीला येणार की शिमग्याला, हे त्याला ठाऊक असायचं. मित्सुईनं जी पद्धत मोडली तीच इथं चालू राहिली, कारण हातात रोख नसलेल्या गिऱ्हाइकाला तीच परवडत होती. तिची किंमतही होती. उधारीचं गिऱ्हाईक भाव विचारत नाही आणि दुकान बदलू शकत नाही.

तिकडे नायगावात १९४८ मध्ये कामगारांनी ग्राहक सहकारी संस्था काढली, जी ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. ठरलेला भाव, चोख वजन, आणि मालक म्हणजे गिऱ्हाईकच. मराठी माणसाच्या डिपार्टमेंट स्टोअरची खरी वंशावळ इथून सुरू होते असं माझं मत आहे. डी-मार्टचे राधाकिशन दमाणी यांनीही स्वतःची दुकानं काढण्याआधी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेऊनच या धंद्याचा अंदाज घेतला होता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी विकायचं दार उघडलं, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. चिमणी तेवढी ठेवली. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत अजूनही असं घर सापडेल, जिथं आजोबा गिरणीत साच्यावर होते आणि नातू मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभा असतो. बारा तास, बसायला स्टूल नाही. आजोबांकडे निदान युनियनचं कार्ड होतं.

गिऱ्हाईक कोण आणतं याचं सर्वात हुशार उत्तर ओसाकाच्या कोबायाशी इचिझो या रेल्वेमालकानं दिलं. त्याची हांक्यू रेल्वे जिथं संपायची त्या उमेदा स्टेशनवरच त्यानं १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर बांधलं. प्रवासी घरी जायला येणारच, मग तो दुकानातून जाऊ दे. आज तोक्यो, हाँगकाँग, सिंगापूरचे बडे मॉल याच पायावर उभे आहेत. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. महाडला जवळचं स्टेशन हे वीर, पण ते गावाबाहेर आणि थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. बाजार तिकडे सरकला नाही. महाडचा उमेदा म्हणजे एसटी स्टँड. डोंगरातल्या गावांची सकाळची गाडी इथं माणसं ओतते आणि दुपारची परत नेते. मधल्या तीन-चार तासांत तहसील, दवाखाना, बँक आणि बाजार. कुठल्या वाडीची गाडी किती वाजता सुटते हे पेठेतल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असतं, आणि गाडी बंद झाली की त्या वाडीचं गिऱ्हाईकही तुटतं. भर पडते ती बिरवाडीकडच्या एमआयडीसीतल्या कामगारांची, महाशिवरात्रीनंतरच्या वीरेश्वराच्या छबिन्याची, चवदार तळ्यावर २० मार्चला येणाऱ्या जनसागराची आणि जूनमध्ये रायगडावर लोटणाऱ्या शिवभक्तांची. रायगडचा दरबार आता वर्षातून दोन-चार दिवस भरतो आणि त्याची खरेदी महाडात होते.

पोलादपूरचं दुखणं याहून ताजं आहे. हे गाव मुळात थांब्याचं. मुंबई-गोवा रस्त्यावरून इथं महाबळेश्वरचा आंबेनळी घाट फुटतो आणि पुढं कशेडी घाट लागतो. घाट चढण्याआधी ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा. रेडिएटरमध्ये पाणी, टायरवर नजर, एक चहा, एक वडापाव. घाट उतरून आलेलाही थांबायचा, कारण पोरांना ओकारी व्हायची. या दहा-पंधरा मिनिटांवर रस्त्याकडेची हॉटेलं, गॅरेजं, भेळ-चिवड्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. आता महामार्ग चौपदरी झाला आणि कशेडीला बोगदा झाला. घाटाची वळणं गेली, वेळ वाचला, अपघाताची भीती कमी झाली. हे व्हायलाच हवं होतं, याबद्दल दुमत नाही. पण घाटच नाही म्हटल्यावर त्याच्या पायथ्याशी थांबायचं कशाला? गाडी ऐंशीच्या वेगानं गाव मागं टाकते. नव्या रस्त्यावर आता पेट्रोल पंप आणि फूड मॉल येतील, मोठ्या पार्किंगचे, एका मालकाचे, एका मापाच्या गाळ्यांचे. पोलादपूरच्या टपरीवाल्याला त्यात गाळा मिळणार का, आणि त्याचं भाडं किती, हे ठरायचं आहे.